शंख खिशात टाकण्याआधी पाच मिनिटं थांबा!

नमस्कार मंडळी. "कोल्हापुरात बसून समुद्राचे व्हिडिओ कशाला?" असं कुणीतरी दर आठवड्याला लिहितंच. अहो, पहाटे निघून गगनबावड्याचा घाट उतरलं की न्याहारीनंतर आपण वाळूतच असतो! आणि परतीच्या गाडीत पिशवीभर शंख. म्हणूनच हा व्हिडिओ.

ओहोटीला जा, पायात चप्पल, हातात जाड हातमोजे, कचऱ्याला पोतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी जास्त लांब जातं. एवढं तुम्हाला ठाऊकच आहे.

आता शंखाकडे या. तो रिकामा आहे का? नुसतं डोकावून कळत नाही! मालवणहून आणलेल्या एका शंखाला तिसऱ्या दिवशी वास सुटला. आत शंखी खेकडा, म्हणजे गोगलगायीच्या रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा, मरून पडला होता. पुतणीनं विचारलं, "काका, हा गाडीत जिवंत होता का?" होता. मला अजून वाईट वाटतं.

शंख उचलला की हा खेकडा आत आकसतो, मोठी नांगी दारासारखी लावतो आणि गप्प बसतो. म्हणून शंख ओल्या वाळूवर ठेवा, लांब सरका, पाच मिनिटं थांबा. चालायला लागला तर तो त्याचं घर आहे. तोंडाशी चकतीसारखं झाकण दिसलं तर मूळची गोगलगाय आतच आहे, तोही ठेवा. आणि निमुळता कोन शंख जिवंत असेल तर हातच लावू नका, त्याचा डंख विषारी असतो.

"रिकामा असला तर न्यायचा ना?" एखादा न्या. खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो. नाही मिळाला तर काही खेकडे बाटलीचं टोपण पाठीवर घेऊन फिरतात. आपण शंख आणतो आणि टोपणं तिथंच टाकून येतो, याचा मला राग येतो.

शिंपल्यावरचं गोल भोक कोण पाडतं, हे पण खूप जणांनी विचारलंय. माळेसाठी कुणी पाडलेलं नसतं ते. वाळूत राहणारी एक शिकारी गोगलगाय खरखरीत जिभेनं शिंपला कोरते आणि आतला जीव खाते.

आणि कचरा वेचताना वाळूत रुतलेलं मासेमारीचं जाळं ओढू नका. आधी अडकलेले खेकडे सोडवा, मग कापून काढा.

एकानं लिहिलंय, आपला कचरा कोकणात जातो. नाही हो. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. घाटावरून वाहून गेलेलं टोपण आंध्रच्या किनाऱ्याला लागू शकतं. रविवारी सकाळी सातला मी पोतं घेऊन पंचगंगा घाटावर आहे. येणार असाल तर हातमोजे आणा.