चळवळीला स्वतःचा कागद हवा

(मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या मराठी वाङ्मय मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रांनो,

विद्यार्थी चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो. फलक, घोषणा, आझाद मैदान. मला आज मोर्चाच्या आधी आणि नंतर काय घडतं त्याबद्दल बोलायचं आहे, म्हणजे मुलामुलींनी स्वतः लिहिलेल्या, छापलेल्या आणि वाटलेल्या कागदाबद्दल. ज्या विद्यार्थी चळवळीकडे असा कागद नसतो, ती मुंबईत तीन वर्षांत पुसली जाते. एफवायला आलेली मुलं टीवायचा निकाल लागला की पांगतात, आणि नंतर आलेल्यांना पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

ही परंपरा विद्यापीठापेक्षा जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यात होते. तिथे निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचे. एका सभेत एका पारशी सदस्याने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तो ऐकून या मंडळींनी ठरवलं, की शाळा आपणच काढायच्या आणि शिकवायचंही आपणच, सकाळी, आपलं कॉलेज सुरू व्हायच्या आधी. १८४९ मध्ये मुलींचे वर्ग सुरू झाले. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी हे काम आदल्याच वर्षी हाती घेतलं होतं. सोसायटीच्या मराठी शाखेतून, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेतून, १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागलं. आधी निबंध, मग शाळा, मग मासिक, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. लिहून काढल्यामुळे त्यांना आपलं म्हणणं नेमकं कळलं होतं.

गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजाचंच पाहा. तिथे बायबलचा तास सक्तीचा होता. त्या सक्तीविरुद्ध विद्यार्थी उभे राहिले, आणि त्यात पुढे असलेल्या श्रीपाद अमृत डांग्यांना कॉलेज सोडावं लागलं. ऑगस्ट १९२२ मध्ये, तेवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, त्यांनी ‘सोशलिस्ट’ हे साप्ताहिक काढलं. दोनच वर्षांनी कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. याच विल्सनची आणखी एक विद्यार्थिनी म्हणजे उषा मेहता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीने सहकाऱ्यांबरोबर ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र चालवलं. ४२.३४ मीटर तरंगलांबीवर ते बोलत आणि पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा बदलत. नोव्हेंबरात पकडले गेले. छापायची सोय राहिली नाही म्हणून ही मुलं गप्प बसली नाहीत, त्यांनी दुसरं साधन शोधलं.

मग सिद्धार्थ कॉलेज. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये ते सुरू केलं. ज्या मुलांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, ती इथे शिकली. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार हे वसतिगृह तर लिहिणाऱ्या तरुणांचा अड्डाच झालं. साठच्या दशकात मुंबईत अनियतकालिकांची, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक न पाळता जमेल तसे निघणाऱ्या छोट्या अंकांची, लाट आली होती. राजा ढाल्यांनी ‘येरू’, ‘चक्रवर्ती’, ‘विद्रोह’ काढली. १९७२ मध्ये दलितांवरच्या अत्याचारांविरुद्ध लढणारी दलित पँथर ही संघटना उभी राहिली. तिचे संस्थापक नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि ढाले, तिघंही लिहिणारे होते हा योगायोग नाही. अत्याचाराची बातमी आली की ती कोणत्या शब्दांत मांडायची याची तयारी या लोकांनी आधीच करून ठेवली होती.

आमच्या वेळी सायक्लोस्टाइल होतं, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायचं यंत्र. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर टंकन करायचं. एका स्टेन्सिलवर फुलस्केपचं एक पान. पैसे एकाच स्टेन्सिलचे असायचे, त्यामुळे मागण्या त्या एका पानात बसवाव्या लागत. आधी आपसात भांडून नेमकं काय मागायचं ते ठरवायला लागे. कोण ‘फीवाढ रद्द करा’ म्हणे, कोण म्हणे की मुलींच्या वसतिगृहाचा प्रश्न आधी घ्या. रात्री उशिरा जे पान तयार होई, त्यावर सगळ्यांची सहमती असे. घोषणेला ही शिस्त लागत नाही.

मुंबईची एक गोष्ट दिल्लीच्या विद्यापीठांहून वेगळी आहे, आणि इथल्या कार्यकर्त्यांनी तिचा पुरेसा विचार केलेला नाही असं माझं मत आहे. आपला बहुतेक विद्यार्थी कॅम्पसवर राहत नाही. तो बदलापूरहून येतो, विरारहून येतो, सकाळची लेक्चर्स करून दुपारी कामावर जातो. संध्याकाळी पाचला सभा ठेवली तर तो नसतो. मुलींना तर घरी पोचायच्या वेळेचा हिशेब द्यावा लागतो. सभेला न येणारा विद्यार्थी उदासीन असतो असं समजणं अन्यायाचं आहे. त्याच्या बॅगेत मावेल आणि दादर ते कल्याण वाचून होईल असा चार पानांचा अंक त्याला द्या. चळवळ त्याच्यापर्यंत पोचायची ही सर्वांत खात्रीची वाट आहे.

२०१७ आठवा. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत पुरेशा तयारीविना आणली आणि लाखो उत्तरपत्रिकांचा घोळ झाला. निकाल महिनोन्महिने रखडले. अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. वर्तमानपत्रांनी तेव्हा भरपूर छापलं. पण निकाल हातात नाही म्हणून कुणाचा पुढचा प्रवेश हुकला, कुणाला नोकरीवर रुजू होता आलं नाही, हे एकेका कॉलेजातून मुलांनीच टिपून ठेवायला हवं होतं. आज त्याची सलग नोंद शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत संप झाला. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची वसतिगृह आणि जेवणाच्या शुल्कातली सूट काढून घेतल्याविरुद्ध तो होता. शिष्यवृत्तीचा पैसा केंद्राकडून कसा येतो, संस्थेकडे कसा वळतो, तो उशिरा आला तर भुर्दंड कुणाला, हा किचकट मामला घोषणेत मावणारा नाही. तो लिहूनच समजावावा लागतो.

आणि निवडणुका. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर आपल्याकडे विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेच्या निकषावर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद केली, पण ती कागदावरच राहिली. विद्यापीठाच्या सिनेटसाठी, म्हणजे अधिसभेसाठी, मतदान होतं ते नोंदणीकृत पदवीधरांचं, आज वर्गात बसणाऱ्यांचं नव्हे. मत देण्याचा हक्क ज्याला मिळालेला नाही, त्याने आपलं मत लिहून मांडण्याचा हक्क तरी सोडू नये.

तुमच्यापैकी काहीजण अंक काढणार आहेत असं मला कळलं, म्हणून थोडं कामाचं सांगतो. लेखाखाली नाव घाला. ज्याला कारवाईचा धोका आहे त्याचं नाव मात्र संपादकांनी जपावं. प्रशासनाची बाजू लेखी मागा आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं छापा. फीच्या पावत्या, परिपत्रकं, माहितीच्या अधिकारात मिळालेली उत्तरं यांची फाइल ठेवा आणि ती एसवायच्या दोघांच्या ताब्यात द्या, टीवायच्या नको. कविता घ्या, पण कवितेमागे मागणी लपवू नका. मोबाइलवर फिरवायला पीडीएफ करा, छापील अंकही काढा. प्रत्येक अंकाच्या दोन प्रती बाजूला ठेवा, एक कॉलेजच्या ग्रंथालयाला आणि दुसरी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला. पहिल्या अंकासाठी विषय शोधत असाल तर कायद्यात असलेल्या निवडणुका तुमच्या कॉलेजात का झाल्या नाहीत, हे प्राचार्यांना उद्याच पत्र लिहून विचारा.