चंद्रावर निघाले, मंगळावर पोचले

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? आज जुन्या सायन्स फिक्शन सिनेमांबद्दल बोलायचंय, पण गाजलेल्या नाही, बेतासबात. एकदम भंगार सिनेमा असला ना तर काही प्रॉब्लेम नसतो, १९५७ चा 'द जायंट क्लॉ' बघा, त्यातला तो राक्षसी पक्षी म्हणजे मान मुरगळलेली टर्की वाटते, चार मित्र जमवा आणि पोट धरून हसा. खरा त्रास देतो तो मधला माल, ज्याला हसताही येत नाही आणि सोडवतही नाही.

माझ्या डोक्यात आहे तो १९५० चा 'रॉकेटशिप एक्स-एम'. झालं असं, की तेव्हा 'डेस्टिनेशन मून' नावाचा मोठा रंगीत सिनेमा येणार म्हणून अमेरिकेत जोरदार गाजावाजा चालला होता, तर हे लिपर्ट नावाचे निर्माते म्हणाले आपण आधी उरकून टाकू, आणि खरंच साधारण अठरा दिवसांत शूटिंग गुंडाळून महिनाभर आधी थेटरात आले. मोठ्याला स्पेशल इफेक्टचं ऑस्कर मिळालं, ह्यांना निदान पहिला नंबर.

घाई मग दिसतेच हो. रॉकेट उडायला काही मिनिटं राहिलीत आणि अंतराळवीर पत्रकार परिषदेत निवांत उत्तरं देतायत, आमच्याकडे एसटी सुटायच्या आधी यापेक्षा जास्त धावपळ असते! वर गेल्यावर माऊथ ऑर्गन तरंगतो, जाकीट तरंगतं, माणसं मात्र जमिनीला चिकटून. पण हे सगळं माफ, पैसे नव्हते बिचाऱ्यांकडे.

माफ होत नाही ती दुसरीच गोष्ट. मी हा बघत होते तेव्हा आई शेजारी मटार सोलत बसलेली, इंग्रजीचं तिला फार काही पडलेलं नाही, मध्येमध्ये मी सांगायचे. तर यानात डॉक्टर लिसा म्हणून एक शास्त्रज्ञ आहे, चंद्राकडे जाताना इंजिन बंद पडतं, इंधनाचं मिश्रण नव्याने ठरवायचं असतं, ती आणि प्रमुख एकस्ट्रॉम दोघं वेगवेगळे बसून कागदावर आकडेमोड करतात, उत्तरं जुळत नाहीत, आणि हा सरळ स्वतःचं उत्तर धरतो. वर ती माफी मागते तर म्हणतो, कशाबद्दल, क्षणभर बाई झाल्याबद्दल? पुढे काय, यान सुसाट सुटतं, सगळे बेशुद्ध, जाग येते तर समोर मंगळ! आणि आता एकस्ट्रॉम काय म्हणतो, यामागे कुठलीतरी मोठी शक्ती असावी. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "अगं शक्ती कसली, हिचा हिशेब बरोबर होता ना?"

बघा, सिनेमाच्या हातात केवढी गोष्ट आली होती, आणि त्यालाच पत्ता नाही.

मंगळाचंही तेच. काळापांढरा सिनेमा इथे लालसर होतो, पार्श्वभूमीला थेरमिनचा, म्हणजे हात न लावता वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, तो कापरा आवाज, आणि कळतं की इथे एक प्रगत संस्कृती होती, अणुयुद्धात संपली, उरलेत ते दगड फेकणारे रानटी. हिरोशिमाला जेमतेम पाच वर्षं झालीत तेव्हा! अंगावर काटा येतो हो, पण किती वेळ, जरा कुठे अवशेष बघतोय तोवर दगडांचा मारा सुरू आणि चला परत यानात. त्याआधी रोमान्सच्या गप्पांना मात्र भरपूर वेळ होता.

शेवट तेवढा धीट आहे, मान्य. इंधन पुरत नाही, यान कॅनडात नोव्हा स्कॉशियाला कोसळतं, कोणीच वाचत नाही. मग खाली पृथ्वीवरचे साहेब पत्रकारांना सांगतात, उद्यापासून दुसरं यान बांधायला घेणार.

आई पातेलं घेऊन उठली, म्हणाली, "विचार त्याला, या वेळी हिशेब कोणाचा धरणार ते."