हॉलमधला टँक, मे महिना

नाशिकचा मे. बाहेर पारा चाळिशीला टेकलाय आणि कॉलेज रोडवरच्या या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या टँकवर पंखा चालू आहे. इथली सगळी कोरल मऊ जातीची. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती घरात आणूच नयेत.

मधोमध छत्रीसारखं पसरलेलं ते लेदर कोरल. एरवी अंगभर पॉलिप, म्हणजे कोरलचे फुलासारखे इवले जीव, फुललेले असतात. आता सगळे मिटलेत, वर मेणचट साय चढलीय. घरच्यांना वाटलं, गेलं हे. पंपाचं तोंड थोडं त्याच्याकडे वळवलंय, आता बघा. साय कडेने सुटते, फाटते, प्रवाहाबरोबर निघून जाते. लेदर कोरल अधूनमधून अशी कात टाकतं. आठवडाभर, कधी जास्तही मिटून राहतं. बुंधा मऊ पडून काळवंडत नाही ना, एवढं पाहायचं. अशा धडधाकट कोरलवर लोक घाईने औषधाची बाटली रिती करतात, याचं फार वाईट वाटतं.

खालचं मशरूम कोरल मात्र खरंच आजारी आहे. रंग उडालाय, पण मांस शाबूत. पेशींत राहून उजेडावर अन्न बनवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडलंय. कोरल उपाशी आहे, अजून जिवंत आहे.

कारण शोधायला, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब. आत निळ्या-पांढऱ्याची सीमा हजारी ३८वर, हवी ३५वर. मीठ कुणी जास्त घातलेलं नाही. पंखा टँक गार ठेवतो तो पाणी उडवूनच, आणि या कोरड्या हवेत ते भराभर उडतं. मीठ मागे राहतं. म्हणून भर रोज घालायची, तीही आरओच्या गोड्या पाण्याची. बोअरचं नको, मिठाचं तर नकोच. ३५वर आणायचं तेसुद्धा काही दिवस घेऊन, हळूहळू.

आता रात्र. दिवे बंद, टॉर्च तिरपी. झोअँथिडच्या, म्हणजे बटणांसारख्या पॉलिपच्या कोरलच्या पुंजक्यात काहीतरी सरकतंय. पॉलिप नाही तो. झोअँथिड खाणारी समुद्री गोगलगाय आहे. खाल्लेल्या पॉलिपचा रंग अंगावर घेते, म्हणून दिवसा नजरेतून सुटते. चिमट्याने उचलायची, देठाशी चिकटलेली अंडी खरवडून काढायची.

हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नका. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचा दगड साफ करायला उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका. त्या वाफेने माणसं इस्पितळात गेली आहेत.