मुंबईचा समाजशास्त्र विभाग : एक गुरू आणि त्यांच्याशी न पटलेले शिष्य

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

1919 साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू केला आणि त्याचे पहिले प्राध्यापकपद पॅट्रिक गेडिस यांच्याकडे सोपवले. गेडिस हे स्कॉटलंडचे. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पण 1914 मध्ये ते भारतात आले ते नगररचनाकार म्हणून. शहर पायी हिंडून पाहावे, त्याची वस्ती, पाणी आणि धंदे समजून घ्यावेत आणि मगच त्याच्याविषयी बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या अध्यापनाला विस्कळीत म्हणणारे पुष्कळ होते आणि ते अगदीच खोटे बोलत नसावेत. 1924 मध्ये गेडिस भारतातून गेले. त्यांच्या मागे विभाग उरला खरा, परंतु त्या विभागाला परंपरा म्हणावी असे काही अजून आलेले नव्हते. ती ज्यांच्यामुळे आली त्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याविषयी आणि त्याहूनही अधिक त्यांच्या विद्यार्थ्यांविषयी आज मला बोलायचे आहे. या विभागाचे खरे कर्तृत्व एखाद्या सिद्धांतात नाही. गुरूने लावलेली शिस्त अंगी बाणवून त्याच शिस्तीच्या बळावर गुरूशी मतभेद करणारे अभ्यासक तिथे तयार झाले, यात ते आहे, असे माझे मत आहे.

घुर्ये मालवणचे. जन्म 1893 चा. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि तिथेच काही काळ संस्कृत शिकवलेही. गेडिस यांच्या व्याख्यानांना ते जाऊ लागले, मुंबई शहरावर त्यांनी एक निबंध लिहिला आणि पुढे शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंडला गेले. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ हॉबहाऊस यांच्याकडे त्यांचे मन फारसे रमले नाही, केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे मात्र रमले. 1922 मध्ये रिव्हर्स अकस्मात वारले आणि घुर्ये यांचा प्रबंध तिथलेच मानववंशशास्त्रज्ञ हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पुरा झाला. 1924 मध्ये मुंबईला रीडर आणि विभागप्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली, 1934 मध्ये ते प्राध्यापक झाले आणि 1959 मध्ये निवृत्त झाले. एकाच माणसाने एखादा विभाग पस्तीस वर्षे चालवावा, हे गुणाचे की दोषाचे, यावर वाद होऊ शकतो; पण या पस्तीस वर्षांत जे प्रबंध त्यांच्या हाताखाली लिहिले गेले त्यांच्या विषयांची यादी पाहिली तर थक्क व्हायला होते. विवाह, आप्तसंबंध, जमाती, गावे, कामगार, धर्मसंप्रदाय, पोशाख, शहरे : भारतीय समाजाचा जणू नकाशाच काढायला घेतला होता आणि एकेक चौकट एकेका विद्यार्थ्याच्या हवाली केली होती.

त्यांचे स्वतःचे जातिसंस्थेवरील पुस्तक 1932 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जातीची एकवाक्यी व्याख्या करण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी तिची सहा लक्षणे सांगितली : समाजाची खंडशः विभागणी, उतरंड, खाण्यापिण्यावरील व संसर्गावरील निर्बंध, निरनिराळ्या गटांचे नागरी व धार्मिक हक्क आणि अपात्रता, व्यवसायाच्या निवडीवरील बंधने आणि विवाहावरील बंधने. समाजशास्त्राचा विद्यार्थी आजही ही सहा लक्षणे पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मला त्या पुस्तकातील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. जात म्हणजे मुळात वंश, आणि नाकाच्या मापावरून जातीचा सामाजिक दर्जा सांगता येतो, असे हर्बर्ट रिस्ले यांचे म्हणणे होते. घुर्ये यांनी तीच शरीरमापने पुन्हा तपासली आणि गंगेच्या खोऱ्यातील हिंदुस्थान वगळता इतर प्रांतांत, म्हणजे पंजाबात, बंगालमध्ये, मुंबई व मद्रास इलाख्यांत, हा मेळ बसत नाही असे दाखवून दिले. साम्राज्याच्या शिरगणती अधिकाऱ्याचा सिद्धांत त्याच्याच आकड्यांनी मोडून काढण्याचे हे काम संस्कृत शिकलेल्या एका प्राध्यापकाने केले, याची आज आपल्याला फारशी आठवण नसते.

घुर्ये केवळ ग्रंथांच्या आधारे समाज पाहत, असा आरोप नेहमी होतो. तो अर्धाच खरा आहे. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच, 1819 च्या सुमारास केली होती आणि ती 1823 मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत छापून आली होती. घुर्ये यांनी याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि 1960 मध्ये तो प्रसिद्ध केला. एखाद्या गावाचे एका काळचे चित्र रेखाटणारे अभ्यास आपल्याकडे पुष्कळ झाले, परंतु शंभरसव्वाशे वर्षांच्या अंतराने त्याच गावाकडे परत जाण्याची ही कल्पना त्या काळी दुर्मीळ होती.

आदिवासींच्या प्रश्नावर मात्र त्यांनी घेतलेली भूमिका आज कोणाला पटण्यासारखी नाही. 1943 च्या पुस्तकात त्यांनी आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले आणि त्यांना वेगळे राखावे असे सुचवणाऱ्या, आदिवासींत राहून त्यांचा अभ्यास करणाऱ्या व्हेरिअर एल्विन यांच्यावर कडाडून टीका केली. जमाती शेकडो वर्षे शेजारच्या शेतकरी समाजाशी देवघेव करीत आल्या आहेत, हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते. महादेव कोळ्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि सह्याद्रीतील त्या समाजाचा किल्ल्यांशी, मराठी राज्यव्यवस्थेशी असलेला संबंध पाहिला तर ते निरीक्षण पटतेही. पण संपर्क आला म्हणजे ती माणसे हिंदूच झाली, असा निष्कर्ष काढायला मुळात हिंदू समाज हाच मापदंड धरावा लागतो, आणि घुर्ये यांनी तो धरला होता. त्यांच्या लेखनातील या राष्ट्रवादी कलावर पुढच्या अभ्यासकांनी टीका केली आहे आणि ती टीका मला रास्त वाटते.

आता शिष्यांकडे येतो.

इरावती कर्वे यांचा जन्म 1905 मध्ये ब्रह्मदेशात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्यावर त्या मुंबईला घुर्ये यांच्याकडे आल्या आणि चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून 1928 मध्ये एम.ए. झाल्या. त्यानंतर बर्लिनला डॉक्टरेट आणि 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन. ग्रंथ वाचायचे आणि माणसे मोजायची, ही जोडी त्यांनी गुरूकडूनच उचलली होती. परंतु जातीच्या उगमाविषयी त्यांचे म्हणणे गुरूच्या थेट विरुद्ध होते. घुर्ये यांच्या मांडणीत पोटजाती या मूळ जातीच्या फुटीतून निर्माण होतात. एक जात, तिच्या फांद्या. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण घेतले. मोठ्या चाकावर काम करणारे थोरचाके, लहान चाक वापरणारे लहानचाके, हातानेच भांडी घडवणारे हातघडे : हे सगळे कुंभार म्हणवतात, पण त्यांच्यात बेटीव्यवहार नाही, त्यांची कसबे निराळी आहेत, चालीरीती निराळ्या आहेत. मग हे एकाच कुटुंबाचे वेगळे झालेले भाऊ कशावरून? त्यांच्या मते हे मुळातच वेगवेगळे अंतर्विवाही, म्हणजे आपापल्यातच लग्ने करणारे, गट होते आणि व्यवसाय एक म्हणून त्यांना एक नाव मिळाले. म्हणजे ज्याला आपण पोटजात म्हणतो तीच खरी जात, आणि कुंभार हे नाव म्हणजे एकत्र बांधलेली मोळी.

हा वाद वरवर पाहता केवळ विद्वानांचा वाटेल. तसा तो नाही. जात एका व्यवस्थेच्या विघटनातून आली की अनेक समूह एकमेकांशेजारी येऊन बसल्यामुळे आली, यावर हिंदू समाजाकडे पाहण्याची सारी दृष्टी अवलंबून राहते. पहिल्या मांडणीत मागे कुठेतरी एकसंध समाज असतो आणि तो पुन्हा एकसंध करण्याचे स्वप्न पाहता येते. दुसरीत तसा समाज कधी नव्हताच. इरावतीबाईंची सगळीच मते आज टिकतील असे नाही, विशेषतः शरीरमापनावर त्यांनी टाकलेला भार. पण कुंभारवाड्यात जाऊन चाकाकडे पाहणारी आणि त्या चाकावरून गुरूचा सिद्धांत तपासणारी ही विद्यार्थिनी त्या विभागाची सर्वांत मोठी मिळकत आहे, असे मी म्हणेन. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ 1953 चा. पुढे कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली, आणि ती पुनर्वसन हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात रुळण्याच्या कितीतरी आधी.

म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास हे दुसरे. तेही घुर्ये यांचे विद्यार्थी. म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब हा त्यांचा एम.ए.चा विषय, आणि कर्नाटकातील कूर्ग (कोडगू) भागातील लोकांवरील प्रबंधासाठी 1944 मध्ये मुंबईची डॉक्टरेट. नंतर ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथले मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्या सांगण्यावरून त्यांनी हीच कूर्गची सामग्री नव्याने मांडायला घेतली. मुंबईत जी माहिती समाजाचे सर्वांगीण वर्णन म्हणून गोळा झाली होती, तीच ऑक्सफर्डमध्ये धर्म आणि समाजरचना यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन बनली आणि 1952 च्या ग्रंथातून संस्कृतीकरणाची, म्हणजे खालच्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलून आपला दर्जा वाढवू पाहतात ही, कल्पना पुढे आली. श्रीनिवास नंतर मुंबईच्या शिकवणीविषयी फारशा आपुलकीने बोलत नसत. ग्रंथांतून दिसणारा समाज आणि गावात दिसणारा समाज यांतला फरक ते सतत सांगत राहिले, आणि त्यात गुरूला मारलेला टोमणा लपत नाही. पण ती सामग्री मुळात गोळा झाली ती मुंबईच्या शिस्तीत, हे विसरून चालणार नाही. बडोद्याला 1951 मध्ये आणि दिल्लीला 1959 मध्ये त्यांनी समाजशास्त्राचे विभाग उभारले, म्हणजे मुंबईशी झालेला मतभेदच एका अर्थाने देशभर पसरला.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. खालच्या गटांनी वरच्यांचे अनुकरण केल्याने जातींची वाढ झाली, हा विचार 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या आणि पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापलेल्या निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला होता, आणि अंतर्विवाह हेच जातीचे मर्म होय हेही त्यात ठामपणे सांगितले होते. ते मुंबईतच राहत होते, इथेच सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते, इथूनच त्यांनी महाडचा सत्याग्रह उभा केला. तरीही समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमाने त्यांना राजकीय पुढारी मानले, समाजशास्त्रज्ञ मानले नाही, आणि ही चूक दुरुस्त व्हायला शतक संपत आले. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी या बाबतीत केलेले काम मोठे आहे. 1998 मधील दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिकेविषयीचा त्यांचा लेख आणि 2006 मधील दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील पुस्तक यांनी जात आणि लिंगभाव एकत्र वाचायला शिकवले. 2013 मध्ये त्या अकाली गेल्या.

तिसरे नाव अक्षयकुमार रमणलाल देसाई यांचे. नडियादचे, कट्टर मार्क्सवादी, किसान आणि कामगार चळवळींत वावरलेले. अशा माणसाने घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली 1946 मध्ये भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहिला आणि तो 1948 मध्ये पुस्तकरूपाने आला. राष्ट्रवाद म्हणजे एखाद्या प्राचीन आत्म्याची जागृती नव्हे, तर ब्रिटिश राजवटीत बदललेली जमीनव्यवस्था, रेल्वे, छापखाने, नवे शिक्षण आणि त्यांतून जन्मलेले नवे वर्ग यांची ती निष्पत्ती आहे, असे त्यात मांडले होते. भारताचे ऐक्य हिंदू संस्कृतीत शोधणाऱ्या गुरूला यातले किती पटले असेल? तरी प्रबंध मंजूर झाला, आणि 1951 मध्ये देसाई याच विभागात शिकवायला आले. 1969 मध्ये विभागप्रमुख झाले. त्यांच्या पत्नी नीरा देसाई यांनी 1957 मध्ये आधुनिक भारतातील स्त्रीवर पुस्तक लिहिले आणि 1974 मध्ये एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे केले. तत्पूर्वी, 1948 मध्येच, चंद्रकला हाटे यांचे हिंदू स्त्री आणि तिचे भवितव्य यावरील पुस्तक आले होते.

इतरांचा उल्लेख धावता करतो. कपाडिया यांनी विवाह आणि कुटुंब यांवर लिहिले आणि घुर्ये यांच्यानंतर विभाग सांभाळला. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा गावी जाऊन दाखवले की, घरे वेगळी झाली तरी एकत्र कुटुंबाची नाती, जबाबदाऱ्या आणि मिळकतीचे संबंध संपत नाहीत. 1951 मध्ये घुर्ये यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय समाजशास्त्र परिषद स्थापन झाली आणि 1952 पासून तिचे नियतकालिक निघू लागले. विभागाला देशव्यापी व्यासपीठ मिळाले ते तेव्हापासून.

या सगळ्यांनी लिहिले ते बहुतेक इंग्रजीत. इरावतीबाई हा ठळक अपवाद. मराठी लोकांची संस्कृती, पंढरीची वारी, महाभारत यांवरील त्यांचे लेखन मराठी घराघरांत पोचले, आणि त्यामुळे त्यांना लेखिका म्हणून ओळखणारे अनेक वाचक त्यांना समाजशास्त्रज्ञ म्हणून ओळखतच नाहीत. मालवणच्या घुर्ये यांचे नाव तर मराठी वाचकाला ऐकूनही माहीत नसते. हा दोष विभागाइतकाच मराठी प्रकाशकांचा आणि आपलाही आहे.

ज्या शहरात हा विभाग वाढला त्या शहराच्या गिरण्या, चाळी आणि झोपडपट्ट्या त्याच्या वाट्याला त्या मानाने कमी आल्या. अगदीच आल्या नाहीत असे नाही. जी. आर. प्रधान यांचे मुंबईतील अस्पृश्य कामगारांवरील पुस्तक 1938 मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षयकुमार देसाई यांनी एस. डी. पिल्लै यांच्यासह झोपडपट्टीचा अभ्यास 1970 च्या सुमारास केला. गिरण्या आता गेल्या आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. लोणीकंदला जसे परत जाता आले तसे प्रधानांनी पाहिलेल्या वस्त्यांत आज परत जाणे कठीण आहे, कारण वस्तीच जागेवर राहिलेली नाही. माणसे पांगली आहेत, काही विरार-कल्याणला, काही कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांत परतलेली. तरीही त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांचा माग काढता येईल. कालिन्याच्या विद्यानगरीत आज समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकजण अशाच घरांतून आलेले असतील, आणि ते काम करायला त्यांच्याइतके योग्य दुसरे कोणी नाही.