आमच्या रानात सिंह नाही

नमस्कार मंडळी. आज मला रेडिओवर दहा मिनिटं मिळालीत आणि विषय आहे शाळेतलं जंगलाचं नाटक. म्हणजे ते हो, गॅदरिंगला फिरून फिरून येतं ते, सिंह राजा, कोल्हा लबाड, ससा हुशार आणि मागे पाचसहा पोरं हिरवे कागद चिकटवून झाडं होऊन उभी. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात प्रायमरीला शिकवते, मराठी शाळा, दोन इयत्ता एकाच खोलीत, घरी कोण कोकणी बोलतं, कोण मराठी आणि तिघंजण कन्नड. तर गेली काही वर्षं आम्ही वर्गात जे जे करून बघितलं ते सांगते. टीचर लोकांना उपयोगी पडेल आणि आईबाबा ऐकत असतील तर त्यांनापण, कारण यातलं निम्मं घरी करता येतं.

सुरुवात झाली ती एका पोरीमुळे. मी फळ्यावर पात्रं लिहीत होते, पहिलं नाव सिंह, आणि मागून आवाज आला, "टीचर, आमच्या रानांत शींव ना मगे!" आता काय बोलणार, खरंच की. रानातला सिंह आपल्या देशात फक्त गुजरातेत, गीरच्या बाजूला, आणि तोसुद्धा आपल्यासारख्या गच्च ओल्या जंगलात नाही, खुरट्या झाडीत आणि गवताळ भागात. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, मग सांगा, तुमच्या रानात कोण कोण. अर्धा फळा भरला! गवा, रानडुक्कर, साळींदर, भेकर, शेकरू, माकडं, बिबटो, मोर, माडगरुड म्हणजे धनेश पक्षी, खवले मांजर. एकाने म्हस सांगितली, तीपण लिहिली, ती रानातच चरते ना. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी आहे हे सगळ्यांना पाठ होतं जीकेच्या पुस्तकातून, पण त्याच्या चारी पायांना गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखं दिसतं हे सांगितलं एका मुलाने ज्याच्या बागायतीत गवे येतात. पुस्तकात मार्क कमी पडतात त्याला.

तेव्हा पहिली अ‍ॅक्टिव्हिटी हीच, संहिता वाटायच्या आधी फळा भरायचा. नाटक मग हवं तर त्याच सिंहाचं करा, काही बिघडत नाही, पण मुलांना कळलं पाहिजे की हा पाहुणा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बघणं. आपल्याकडे नाटकाला तोटा नाही हो, जत्रा आली की देवळासमोर मंडप आणि रात्री उशिरा नाटक, पोरं पुढे चटईवर बसतात आणि दुसऱ्या अंकाला झोपतात. त्यामुळे अभिनय म्हणजे माईकसमोर जाऊन ओरडायचं आणि हात वर करायचा हे त्यांच्या डोक्यात फिट्ट. त्यात टीव्हीवरचं कार्टून. माकड हो म्हटलं की बगल खाजवणार, सगळेच्या सगळे! म्हणून मी होमवर्क दिला, एक प्राणी निवडायचा, दारातला चालेल, मांजर, कोंबडी, कावळा, आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं, लिहायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी येऊन करून दाखवायचं, आवाज न काढता, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. कोंबडी चालताना मान कशी पुढे टाकते आणि मग अंग मागून येतं, हे एका पोराने असं केलं ना की मीच बघत राहिले. म्हस झालेली मुलगी पाच मिनिटं फक्त रवंथ करत बसली आणि मधेच एक कान हलवला, आता कान कसा हलवला विचारू नका, तळहात डोक्याला लावून.

आणि मग तो माडगरुड. त्याची मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालायला आत जाते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून भरवत राहतो. हे सांगितल्यावर मला वेगळं नाटक शिकवावंच लागलं नाही. दोन बाकं आडवी लावून ढोली केली, एक मुलगी आत बसली, एक मुलगा वर्गभर फिरून खडूचे तुकडे आणून त्या फटीतून द्यायला लागला आणि तिसऱ्या फेरीला दमला. तेव्हा आतून ती म्हणते, "बेगीन हाड रे, भूक लागल्या!" म्हणजे लवकर आण रे. एकही डायलॉग मी लिहिलेला नव्हता.

आता आवाजाचं. रेडिओ आहे, तर हे मी इथेच करून दाखवते, ऐका हं, आधी दोन तळहात एकमेकांवर घासायचे, असे, हा लांबून येणारा पाऊस. मग चुटक्या, मग मांड्यांवर थाप, मग पाय. वर्गाच्या एका कोपऱ्यातून सुरू करायचं आणि हळूहळू पसरवायचं, आणि उलट क्रमाने थांबवायचं. वीसेक पोरं असली तरी जूनमधला आपला पाऊस हुबेहूब येतो. हा पाऊस पाडताना कुणाला स्टेजची भीती वाटत नाही कारण कुणीच एकटं नसतं, माझ्या वर्गातली जी मुलं सहसा तोंड उघडत नाहीत ती इथे सगळ्यात जोरात असतात. पावसानंतर जंगलाचे आवाज. यात माझा आवडता खेळ इशाऱ्याचा. बिबटा आला की झाडावरचं वानर आधी बघतं आणि खेकसतं, मग खाली हरणं सावध होतात, एकमेकांची भाषा येत नसली तरी. तर अर्धा वर्ग वानरं, बाकांवर उभी, अर्धा वर्ग हरणं, डोळे बांधलेली, चरतायत, आणि एक बिबटा चवड्यांवर. वानरांनी गप्प राहिलं तर हरण गेलं! आंधळ्या कोशिंबिरीसारखंच आहे, फक्त इथे कान लावावा लागतो. बाकांवर उभं करताना जरा लक्ष ठेवा, आमच्याकडे एक बाक मोडलंय.

स्टॅच्यू तर सगळ्यांना येतो. गोष्टीतला एक प्रसंग सांगायचा, सिंह विहिरीत डोकावतो तो समजा, आणि टाळी वाजली की स्टॅच्यू. मी फिरून एकेकाच्या खांद्याला हात लावते आणि ज्याला हात लागला त्याने त्या क्षणी मनात काय चाललंय ते एका वाक्यात सांगायचं. सिंह म्हणाला, मला राग आलाय. ठीक. ससा म्हणाला, आत ढकलू नये म्हणजे झालं. आणि विहीर झालेला मुलगा, हो, विहीरपण कुणीतरी झालेलं असतं, तो म्हणाला, मी रोज सगळ्यांचं तोंड बघते. मला ही तात्पर्य लिहा वगैरे प्रश्नपत्रिका खरं सांगायचं तर आवडत नाही, या एका वाक्यात त्याला गोष्ट कळलीय हे मला कळलं आणि विषय संपला.

खुर्चीचा खेळ मात्र जपून करा. एक मूल प्राणी होऊन खुर्चीत बसतं आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. वाघ बसला होता, आणि एका मुलाने विचारलं, आमची गाय का मारलीस? वर्ग एकदम शांत. आमच्याच तालुक्यात, म्हादई अभयारण्यात, 2020 च्या जानेवारीत 4 वाघ मेलेले सापडले होते, विष घातलेलं, गुरं मारली म्हणून. ही मुलं तेव्हा फार लहान होती, काहींचा जन्मपण नसेल झाला, पण घरात बोलणं होतंच ना. वाघ झालेला पोरगा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मला हरण दिसलं नाही. त्यावर दुसरा प्रश्न, मग आम्ही काय करायचं? त्याचं उत्तर खुर्चीतल्याला आलं नाही, मलाही नाही, मी घंटा व्हायची वाट बघितली. पण तो प्रश्न विचारला गेला हे बरंच झालं असं मला वाटतं.

मुखवट्यांबद्दल पटकन. बाजारातले प्लास्टिकचे आणू नका, आत घाम येतो, दिसत नाही आणि आवाज तोंडातच राहतो. सुपारीच्या झाडाचं पान गळतं ना, त्याची ती रुंद चामड्यासारखी विरी, ती पाण्यात भिजवली की कापता येते, वर गेरू, कोळसा, चुना. आणि मुखवटा कपाळावर बांधायचा, चेहऱ्यावर नाही, मूल मान खाली घालतं तेव्हा प्राणी दिसतो, मान वर केली की मूल बोलतं. पालक म्हणतात फोटोत बरं दिसतं, मी म्हणते फोटोसाठी नाही, ऐकू येण्यासाठी.

शेवटी आमच्या नाटकात सिंह राहिलाच नाही, मुलांनी मत घेऊन वाघ केला. गॅदरिंगला तो वाघ, तिसरीतला, विरीचा मुखवटा कपाळावर, पट्टे जरा जास्तच, स्टेजवर आला आणि मान खाली घातली. आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे वाघ्रो असतो, वाघाचा देव, दगडात कोरलेला, लोक त्याला नारळ ठेवतात. पहिल्या रांगेत एक आज्जी बसल्या होत्या, त्या हळूच उठल्या, चप्पल काढली आणि हात जोडले. पोराने मान वर केली, समोर आज्जी, डरकाळी फोडायची होती ती विसरला साफ. दोन सेकंद नुसता बघत राहिला आणि मग त्यानेही हात जोडले.