रक्ताचा पीएच आणि रबरी पिशवी

नमस्कार, श्रोतेहो. जरा श्वास रोखून धरा पाहू. थोड्याच वेळात जीव कासावीस होतो ना? तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे. आत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याशी मिळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, रक्त आम्लतेकडे कलू लागतं, आणि मेंदू हे फार वेळ चालू देत नाही.

आम्लता मोजायचा आकडा म्हणजे पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45. एवढ्या अरुंद बांधावरून जन्मभर चालायचं! सांभाळतो कोण? रक्तातले बफर, म्हणजे पीएच फार हलू न देणारे पदार्थ. त्यांतलं मुख्य बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातलंच. ते जादा आम्ल टिपून घेतं, त्यातून झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात. मूत्रपिंडंही हात लावतात, पण त्यांचा कारभार सावकाश, दोन-तीन दिवसांचा.

आता 1952 सालच्या कोपनहेगनला चला. पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास देणारी यंत्रं मोजून सात, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येताहेत. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे. डॉक्टरांना वाटलं, रक्तात आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य, वाढलंय. ब्योर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ म्हणाले, उलट आहे! श्वास अपुरा पडतोय, कार्बन डायऑक्साइड तुंबलाय. बायकार्बोनेट वाढलंय ते त्यापायीच. पुढे पीएच मोजला, तर रक्त खरोखरच आम्लतेकडे झुकलेलं. गंमत बघा, पीएच ही मोजपट्टी याच शहरात, 1909 साली, एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी काढली होती.

27 ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, अशा पिशव्या दाबत बसले. अशा रुग्णांपैकी आधी शंभरातले ऐंशीहून अधिक दगावत. ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

आज अतिदक्षता विभागात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू आणि आम्लता तपासतात, त्या तपासणीला 'एबीजी' म्हणतात. सुई चांगलीच दुखते. तपासणीच्या कागदावर पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. कोपनहेगनच्या डॉक्टरांसमोर सुरुवातीला त्यांतला एकच होता.