डबा, सळई आणि काटा

बसा बसा, मागचे जरा पुढं या, माईक नाहीये आज. आधीच सांगतो, मी कोच नाही, सर्टिफिकेट नाही, नाशिकच्या अंबडला कंपनीत लेथवर आहे, तिन्ही शिफ्ट करतो. शिफ्ट बदलली की जिमचं टायमिंग बोंबलायचं, फी मात्र पूर्ण, असं दोन वर्षं चाललं आणि मग म्हणलं बास, घरीच वजनं बनवून काहीतरी करू. घर म्हणजे सिडकोतली एक खोली आणि किचन, दुसरा मजला, बरोबर खाली एक काकू राहतात, त्या या गोष्टीत परत येणारेत.

सुरुवात सगळे करतात तशीच, पाण्याच्या बाटल्या. २ लिटरची बाटली म्हणजे २ किलो, हिशोब सोपा. पहिला आठवडा भारी वाटतं, तिसऱ्या आठवड्यात तीच बाटली ५० वेळा वर जाते आणि फोनवर बोलता बोलता जाते, म्हणजे संपलं. तेव्हा मी बसून विचार केला की जिममधल्या त्या चकचकीत डंबेलचे पैसे आपण नक्की कशाचे देतो? तर त्याच्यावर आकडा लिहिलेला असतो आणि शेजारी त्याच्याहून अडीच किलो जास्तीचं दुसरं ठेवलेलं असतं. एवढंच. बाकी लोखंड ते लोखंड, शरीराला काय कळतंय आत स्टील आहे का सिमेंट.

हे डोकं काही माझं नाही. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाचा अमेरिकन सैन्यातला डॉक्टर होता, जखमी जवानांचे गुडघे त्यानं वजनं उचलायला लावून बरे केले. १० वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन शोधायचं, त्याच्या अर्ध्यावर १०, पाऊणवर १०, मग पूर्ण वजनावर १०, आणि जमायला लागलं की वजन वाढवायचं. हे तीन टप्प्यांचं रूप युद्धानंतर, १९४८ च्या सुमाराचं. आपल्या तालमीत मुद्गलांच्या जोड्या असतातच की, हलकी, मध्यम, जड, आणि हलकी नीट फिरल्याशिवाय वस्ताद जड जोडीला हात लावू देत नाही. म्हणजे घरी काहीही जुगाड करा, त्याचं वजन माहीत पाहिजे आणि ते थोडं थोडं वाढवता आलं पाहिजे, नाहीतर तो जुगाड माळ्यावर जातो. माझे चार गेलेत.

आता काँक्रीट. हा माझा आवडता विषय आहे, वेळ जास्त जाईल, सांभाळून घ्या. रंगाचे रिकामे पत्र्याचे डबे कोणत्याही चालू साइटवर मागितले तर मिळतात. काँक्रीट १ लिटरला साधारण २.४ किलो भरतं. म्हणजे १ लिटरच्या डब्यात २.४, ४ लिटरच्या डब्यात ९.६. आणि सळईचं वजन तर बिगारीसुद्धा तोंडपाठ सांगेल, व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते आलं. २५ मिलिमीटरची सळई म्हणजे ६२५ भागिले १६२, तीन किलो ८६० ग्रॅमच्या आसपास. दीड मीटरचा तुकडा घेतला तर ५.८ किलो, दोन टोकांना ४ लिटरचे दोन डबे म्हणजे १९.२, टोटल झाली २५ किलो, एकदम राउंड फिगर! हे गणित जमलं तेव्हा मला लग्न ठरल्याएवढा आनंद झालेला.

आणि मग पहिलाच दांडा फसला. सळईऐवजी मी गुळगुळीत गज घेतला, हाताला बरा वाटतो म्हणून. काँक्रीट ओतलं, दुसऱ्या दिवशी कडक लागलं म्हणून तिसऱ्या दिवशी, सेकंड शिफ्टवरून आल्यावर, रात्री बारा वाजता उचलला. दोनतीनदा वर गेला, मग डबा गजाभोवती गरागरा फिरायला लागला आणि चौथ्या वेळी सुटला. खालच्या काकू वर आल्या. दार उघडलं तर ओरडल्या नाहीत, नुसतं आत बघितलं, फरशीवरचा चुरा बघितला आणि म्हणाल्या, "पाणी मारलं होतंस का रे?" त्यांचे मिस्टर सेंट्रिंगचं काम करायचे. मी गप्प. आपण आयुष्यभर बघत आलोय की स्लॅब टाकला की त्यावर आळी करून पाणी भरतात, आणि घरी डबा भरताना मात्र अक्कल गहाण.

तर बरोबर असं करायचं. रिबवाली सळई घ्या, त्या रेघा काँक्रीटला धरून ठेवतात. टोकाला आडवा छोटा तुकडा वेल्ड करून घ्या म्हणजे फिरणार नाही. एक भाग सिमेंट, दोन भाग क्रश सँड, तीन भाग बारीक खडी, पाणी कमीच, माल पातळ झाला की ताकद गेली. ओतल्यावर काठीनं टोचत राहा, हवा निघते. एक बाजू दोनतीन दिवस आवळू द्या, मग उलटी करून दुसरा डबा खाली. दुसरी बाजू भरली की त्यानंतर किमान ७ दिवस दोन्ही डब्यांच्या तोंडाशी ओलं गोणपाट आणि घाई नाही. रिब हाताची सालटं काढते, म्हणून पकडीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट गुंडाळा.

पण काँक्रीटचा प्रॉब्लेम हा की ते वाढत नाही. २५ चं २५ च. म्हणून वाळूची पिशवी. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो, ५ लिटरचा तेलाचा कॅन भरला की ८ किलो झाला. पण कॅनपेक्षा मला जीन्स आवडते. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक टोक चांभाराकडून शिवून घ्या (घरच्या मशीनची सुई तुटते, माझ्या आईला विचारा), आत वाळूच्या पुड्या, २ किलोच्या, जाड प्लास्टिकमध्ये आणि वरून टेप. वाळू आधी उन्हात चांगली वाळवा, ओली राहिली की आत बुरशी धरते आणि वास मारते. आठवड्याला एक पुडी वाढवा. हीच पुडी पोरांच्या जुन्या दप्तरात टाकून पाठीवर घेतली की बैठका जड होतात, जोर जड होतात. जोर मारताना हातावर अंगाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो, खोटं वाटत असेल तर वजनकाट्यावर हात ठेवून बघा.

काट्यावरून आठवलं, सगळं मोजा. आमच्या गल्लीतला भंगारवाला तोलून देतो, चहा पाजला की झालं. डब्यावर लिहिलेलं ४ लिटर आणि तुम्ही भरलेलं ४ लिटर यात किलोभर फरक पडतो. भंगारात गाड्यांचे ब्रेक ड्रम, गिअर पण किलोवर मिळतात, फक्त मधल्या भोकाचं माप घेऊन जा. आणि अंबड-सातपूरची पोरं बसलीत म्हणून सांगतो, कंपनीतून बार उचलून आणू नका, नोकरी जाईल.

ओढायचे व्यायाम घरी सगळ्यात अवघड. ढकलायला जमीन आहे, ओढायला काय आहे? लोक फॅनच्या हुकाला दोर बांधतात, नका बांधू, तो हुक पंख्यासाठी आहे, तुम्ही ६५ किलोचे लोंबकळून झोके घेणार त्यासाठी नाही. खिडकीची ग्रिल पण नको, चार स्क्रूवर असते. गार्डनमधल्या ग्रीन जिमला बार फुकट आहे, तिथं जा. बरोबर दोर न्या, हातात रुतू नये म्हणून त्यावर ठिबकच्या नळीचा तुकडा चढवा, आपल्याकडं द्राक्षवाल्या कोणत्याही नातेवाइकाकडं ती पडलेली असते. स्कूटरची ट्यूब पण चालते, जेवढी ताणाल तेवढा जोर वाढतो, पण चीर दिसली की फेकून द्या, तुटली तर थेट तोंडावर येते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. उताणं झोपून हा दांडा छातीवर घेणाऱ्यांसाठी आहे. जिममधली मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे जमिनीवर टेकली तरी दांडा साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. रंगाचा डबा असतो वीतभर रुंद. हात थकला की दांडा जमिनीपासून ९ सेंटिमीटरवर येऊन थांबणार, आणि त्यामध्ये तुमची छाती किंवा गळा. म्हणून दोन्ही बाजूंना विटांचे थर लावा, दांडा विटांवर अडला पाहिजे. एकटं असताना तर लावाच. आणि ज्यांना बीपी आहे, हर्निया आहे, कमरेचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरला विचारा, मला नका विचारू.

खर्च विचारणार तुम्ही. डबे फुकट, सळई भंगारातली, सिमेंट शेजारच्या कामावरचं उरलेलं, जीन्स माझीच. मला सगळं मिळून जिमच्या एका महिन्याच्या फीएवढं पडलं, त्यातला मोठा भाग फुटलेल्या फरशीचा. काकूंनी आता जुनी सतरंजी दिलीये, चार घड्या करून खाली टाकतो, आणि रात्री दहानंतर फक्त जोर.

तिकडं दारापाशी २५ चा दांडा आणि तीन पिशव्या ठेवल्यात, वजन खडूनं लिहिलंय. एकेकानं उचलून बघा, पाठ सरळ ठेवून. खाली ठेवताना तेवढं हळू, खालच्या मजल्यावर वाचनालय आहे.